छत्तीस धावांनंतरचा महिना

१९ डिसेंबर २०२०, शनिवार. ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांवर संपला. अकरा जणांत एकालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. मयांक अगरवालच्या ९ धावा सगळ्यात जास्त. हेझलवूडनं ८ धावांत ५ आणि कमिन्सनं २१ धावांत ४ गडी टिपले. शेवटचा गडी तर बादही झाला नाही. कमिन्सचा उसळता चेंडू मोहम्मद शमीच्या हातावर आदळला, हाड मोडलं आणि डाव तिथंच थांबला. १९७४ साली लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला होता. तो नीचांक ४६ वर्षं टिकला होता, तो त्या दुपारी मोडला. विशेष म्हणजे पहिल्या डावात आघाडी भारताची होती, ५३ धावांची.

त्यातच विराट कोहली मायदेशी परतणार होता. ते आधीच ठरलेलं होतं. पहिलं मूल होणार होतं, त्यासाठी तो पहिल्या कसोटीनंतर रजेवर जाणार हे नोव्हेंबरमध्येच जाहीर झालं होतं. पण ठरलेली गोष्टसुद्धा अशा वेळी संकटासारखी अंगावर येते. संघातला सगळ्यात मोठा फलंदाज निघाला, तोच कर्णधार, आणि मागे उरलेल्यांच्या नावापुढे ३६. मायकेल वॉनसारख्या माजी इंग्लिश कर्णधारानं ४-० असं भाकीत करून टाकलं. ते ऐकून राग आला, तरी खोडून काढायला हाताशी काही नव्हतं.

सूत्रं आली अजिंक्य रहाणेकडे. त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं होतं. ॲडलेडच्या पहिल्या दिवशी कोहली ७४ धावांवर जम बसवून खेळत होता. रहाणेनं धाव घ्यायला हाक दिली, मग परत फिरवलं आणि कोहली धावबाद झाला. तिथून डाव घसरला तो २४४ वर थांबला. म्हणजे ज्याच्यामुळे कर्णधार बाद झाला, त्यालाच आता कर्णधाराच्या जागी उभं राहायचं होतं.

मोहिमेच्या मध्यावर म्होरक्या गेला आणि दुसऱ्या फळीतला माणूस पुढे आला, असे प्रसंग खेळात पुष्कळ. बहुतेकांचा शेवट वाईटच होतो. १९६२ च्या मार्चमध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर लागला, कवटीला इजा झाली आणि त्यांची कसोटी कारकीर्द तिथंच संपली. २१ वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडीवर आठवड्याच्या आत कर्णधारपद येऊन पडलं. पुढे तो मोठा कर्णधार झाला, पण त्या दौऱ्यात भारत पाचही कसोटी हरला. यश मिळाल्याच्या गोष्टी थोड्या, म्हणून त्या लोक जपून ठेवतात. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू आणि हात दोन्ही. कुणी कुठे धावायचं हे सांगणारा आणि चेंडू फेकणारा तोच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ याचा गुडघा निकामी झाला. त्याच्या जागी आलेला निक फोल्स मध्यंतरी खेळच सोडायच्या विचारात होता. त्यानं दोन महिन्यांत संघाला पहिलावहिला सुपर बोल जिंकून दिला, ४१-३३ असा. समोर होता टॉम ब्रेडी, आणि तोसुद्धा २००१ साली ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणूनच मैदानात आलेला.

पण रहाणेचं काम फोल्सपेक्षा अवघड होतं असं मला वाटतं. फोल्सच्या हाती जिंकत आलेला, बाकी सगळा शाबूत असलेला संघ आला. रहाणेच्या हाती हरलेला संघ आला, आणि त्यातलाही रोज एक माणूस गळत होता.

रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, वाढला डोंबिवलीत. लोकलनं मुंबईची मैदानं गाठत शिकलेला, प्रवीण आमरे यांच्या हाताखाली घडलेला. बोलणं कमी, हातवारे त्याहून कमी. अशा माणसाला नेतृत्व येत नाही, अशी आपल्याकडे एक घट्ट समजूत आहे. खरं तर त्याची परीक्षा एकदा होऊन गेली होती. मार्च २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका १-१ अशी अडकलेली असताना कोहलीचा खांदा दुखावला आणि धरमशालेची शेवटची कसोटी रहाणेकडे आली. त्यानं कोहलीच्या जागी फलंदाज न घेता कुलदीप यादव हा पदार्पण करणारा फिरकी गोलंदाज घेतला. कुलदीपनं पहिल्या डावात चार बळी घेतले. १०६ धावांचा पाठलाग करताना रहाणेनं स्वतः २७ चेंडूंत नाबाद ३८ केल्या आणि कमिन्सला लागोपाठ दोन षटकार मारले. मालिका २-१. तो सामना बहुतेकांच्या लक्षातून गेला होता.

मेलबर्नला त्यानं नेमकं तेच केलं. प्रशिक्षक रवी शास्त्री आणि रहाणे यांनी ३६ धावांत कोसळलेल्या संघात कोहलीच्या जागी फलंदाज वाढवला नाही. जडेजाला घेतलं आणि पाच गोलंदाज खेळवले. शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज यांना पहिली कसोटी मिळाली, साहाच्या जागी पंत आला. धावा कमी पडल्या तेव्हा गोलंदाज वाढवायचा, हा निर्णय वरवर उलटा दिसतो. पण कसोटी जिंकायची तर वीस गडी बाद करावे लागतात, आणि रहाणेला ती वाचवायची नव्हती, जिंकायची होती. ३६ नंतर आठवड्याच्या आत असा विचार करू शकणाऱ्या माणसाला शांत म्हणून सोडून देणं म्हणजे त्याच्यातलं धाडस न पाहणं.

२६ डिसेंबरच्या सकाळी पहिल्या तासातच त्यानं अश्विनला गोलंदाजीला आणलं. स्टीव्ह स्मिथ लेग स्लिपच्या बाजूला पुजाराच्या हातात शून्यावर अडकला. ऑस्ट्रेलिया १९५ धावांत बाद. मग रहाणे स्वतः उभा राहिला. त्या डावात देखणे फटके फार नव्हते; ढगाळ हवा, चेंडू हलत होता, दोनदा झेलही सुटले. पण तो टिकला आणि ११२ धावा केल्या. जडेजाबरोबर १२१ धावांची भागीदारी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी जडेजा ४९ वर असताना एक चोरटी धाव घ्यायला धावला आणि रहाणे थोडक्यात धावबाद झाला. ॲडलेडला जे त्याच्या हातून घडलं, ते इथं त्याच्याच बाबतीत घडलं होतं. जडेजाचा चेहरा उतरला. रहाणे तंबूच्या वाटेनं वळण्याआधी त्याच्याकडे गेला, त्याला थोपटलं, खेळत राहा म्हणाला आणि मग निघाला. कर्णधाराचं शतक धावबाद होऊन संपतं आणि तो समोरच्याचं सांत्वन करून जातो, हे ड्रेसिंग रूममधल्या नवख्या पोरांनी पाहिलं. पुढच्या तीन आठवड्यांत त्या पोरांनी जे केलं त्याची सुरुवात मी तिथं मानतो.

भारत आठ गडी राखून जिंकला. उमेश यादवच्या पोटरीचा स्नायू दुखावला आणि दुसऱ्या डावात त्याला चारच्या आत षटकं टाकून बाहेर जावं लागलं. सिराजनं त्याच्या वाटणीचंही ओढलं आणि सामन्यात पाच बळी घेतले. सिराजचे वडील हैदराबादला रिक्षा चालवत. ते २० नोव्हेंबरला गेले, तेव्हा तो ऑस्ट्रेलियातच होता. करोनाच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे गेला असता तर परतणं कठीण होतं. तो थांबला.

इकडे पंढरपूरजवळ करकंबच्या बाजूला तो हिवाळा साधा नव्हता. ऑक्टोबरच्या अतिवृष्टीनं शेतं धुऊन नेली होती. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून सहा जणांचा जीव गेला होता. आषाढीच्या पालख्या एसटीनं आल्या, कार्तिकीला पंढरपुरात संचारबंदी लागली. पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या मात्र नेहमीसारख्या चालू होत्या. सामना पहाटे सुरू व्हायचा. थंडीत मोबाइलवर धावसंख्या बघत शेतात पाण्याची दारं धरणाऱ्या माणसाला त्या दिवसांत जे मिळत होतं, ते नुसतं करमणुकीचं नव्हतं. ज्यांच्याकडून काहीच अपेक्षा उरली नाही, ती माणसं उभी राहताना दिसत होती, आणि त्या वर्षी याची फार गरज होती.

सिडनीची कसोटी ७ जानेवारीला सुरू झाली. ती अनिर्णित राहिली, पण मला ती जिंकलेल्या दोन कसोट्यांइतकीच मोलाची वाटते. फलंदाजी करताना पंतच्या कोपरावर चेंडू बसला, जडेजाच्या अंगठ्याचं हाड मोडलं. सीमारेषेवर उभ्या असलेल्या सिराजला प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिव्या आल्या. त्यानं ते कर्णधाराला सांगितलं, रहाणेनं पंचांना. खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आलं. मैदान सोडायचा पर्याय पंचांनी पुढे ठेवला होता. रहाणेचं म्हणणं असं की आम्ही खेळायला आलो आहोत आणि खेळणार. त्रास देणाऱ्यांना बाहेर काढा. आपल्या माणसाची तक्रार त्यानं दाबली नाही आणि सामनाही सोडला नाही.

शेवटच्या दिवशी ४०७ धावांचं लक्ष्य होतं. रहाणे सुरुवातीलाच ४ धावांवर बाद झाला. पंतला वरच्या क्रमांकावर पाठवलं होतं. त्यानं ११८ चेंडूंत ९७ करून ऑस्ट्रेलियाला धास्ती घातली. पंत आणि पुजारा गेल्यावर हनुमा विहारी आणि अश्विन यांनी किल्ला लढवला. विहारीच्या मांडीचा मागचा स्नायू फाटलेला, अश्विनची पाठ धरलेली. आदल्या रात्री त्याला नीट वाकताही येत नव्हतं. दोघांना पळता येईना, म्हणून धावा सोडून ते नुसते उभे राहिले, चाळीसहून अधिक षटकं. विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३, अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. आत जडेजा मोडक्या अंगठ्यानं पॅड बांधून तयार बसला होता. त्याची गरज पडली नाही.

ब्रिस्बेनला पोचेपर्यंत यादी अशी झाली: कोहली रजेवर, शमी, उमेश, राहुल, विहारी, जडेजा, अश्विन जायबंदी, आणि पोटाचा स्नायू दुखावल्यामुळे बुमराहही बाहेर. मालिकेत भारतानं एकूण वीस खेळाडू वापरले. तिथल्या गॅब्बा मैदानावर उतरलेल्या पाच गोलंदाजांच्या गाठीशी सगळ्यांच्या मिळून चार कसोट्या होत्या: सिराजच्या दोन, सैनीची एक, शार्दूल ठाकूरची एक. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर पदार्पण करत होते. दोघांना मर्यादित षटकांचे सामने संपल्यावर सरावात गोलंदाजी करायला मागे ठेवलं होतं. सुंदर तर तीन वर्षांत प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नव्हता. आणि त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर एकही कसोटी हरली नव्हती.

आमच्याकडे हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की पुढचा ती गळ्यात घेतो, रात्री दोनला असो की दुपारी. कोण गातो यापेक्षा वीणा उभी आहे हे महत्त्वाचं. या संघाचं ब्रिस्बेनला तसं झालं होतं.

पण पुढचा माणूस आयत्या वेळी जन्माला येत नाही. करोनामुळे मायदेशातून बदली खेळाडू पटकन बोलावणं शक्य नव्हतं, म्हणून एरवीपेक्षा मोठा ताफा नेला होता. हा योगायोगाचा भाग. दुसरा भाग योगायोगाचा नव्हता. इंदूरला जन्मलेला, मराठी घरातला राहुल द्रविड २०१५ पासून चार वर्षं भारत अ आणि १९ वर्षांखालच्या संघांचा प्रशिक्षक होता. गिल, पंत, सिराज, सैनी, विहारी, शार्दूल या ना त्या वेळी त्या व्यवस्थेतून गेलेले. अ संघांचे परदेश दौरे कुणी टीव्हीवर बघत नाही. तिथं खेळून आलेल्या पोराला उसळत्या खेळपट्टीचं अप्रूप राहत नाही, एवढाच त्यांचा फायदा, आणि तो किती मोठा होता हे ब्रिस्बेनला दिसलं. श्रेय द्यायला लोक गेले तेव्हा द्रविडनं ते खेळाडूंकडे वळवलं.

आता शार्दूलबद्दल सांगायलाच हवं. तो पालघरजवळच्या माहीमचा. लहानपणी किट पाठीवर घेऊन लोकलनं मुंबईला सामने खेळायला यायचा. दिनेश लाड यांनी त्याला हेरलं, बोरिवलीच्या शाळेत आणलं, काही काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. रोहित शर्माही त्यांचाच शिष्य. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध शार्दूलला कसोटी मिळाली. दहा चेंडू टाकले, जांघेचा स्नायू दुखावला, आणि तो बाहेर गेला. सव्वादोन वर्षं त्याची कसोटी कारकीर्द म्हणजे ते दहा चेंडू होते.

गॅब्बाला पहिल्या दिवशी त्याच्या पहिल्याच चेंडूवर मार्कस हॅरिस झेलबाद झाला. त्याच दिवशी सैनीही दुखावला आणि आठवं षटक पुरं करता न येता बाहेर गेला. म्हणजे बदली गोलंदाजांतलाही एक कमी झाला. ऑस्ट्रेलिया ३६९. उत्तरादाखल भारत ६ बाद १८६, आणि मैदानात सुंदर व शार्दूल. शार्दूलनं खातं उघडलं तेच कमिन्सला षटकार मारून. मग दोघांनी डोकं शांत ठेवून १२३ धावा जोडल्या. शार्दूल ६७, सुंदर ६२. मुंबईच्या मैदानी क्रिकेटमध्ये ज्याला खडूसपणा म्हणतात, तो त्या भागीदारीत होता: विकेट फुकट द्यायची नाही, समोर कोण आहे ते बघायचं नाही. भारत ३३ धावांनी मागे राहिला. तिथं दीडशेनं मागे राहायची पाळी आली होती. दुसऱ्या डावात सिराजनं ७३ धावांत ५ आणि शार्दूलनं ६१ धावांत ४ बळी घेतले.

कसोटी सुरू झाली त्या १५ जानेवारीला राज्यात हजारो ग्रामपंचायतींचं मतदान होतं आणि १८ तारखेला निकाल. त्यामुळे चौथ्या दिवशीचा खेळ गुलालात अर्धवट पाहिला गेला. पाचव्या दिवशी मात्र सगळे मोकळे होते.

३२८ धावा हव्या होत्या. गिलनं ९१ धावा करून पाया घातला. पुजारानं २११ चेंडूंत ५६ केल्या आणि अंगावर, बोटांवर, हेल्मेटवर चेंडू झेलले. तो टिकला म्हणून दुसऱ्या टोकानं धावा होत राहिल्या. रहाणेची खेळी छोटी होती, २२ चेंडूंत २४. पण आल्या आल्या त्यानं आक्रमक फटके खेळून आपण बरोबरीसाठी खेळत नाही हे दाखवून दिलं. शेवटी पंत. १३८ चेंडूंत नाबाद ८९. हेझलवूडला समोर चौकार गेला तेव्हा तीन षटकं बाकी होती आणि पलीकडच्या टोकाला दुखऱ्या जांघेचा सैनी उभा होता. ७ बाद ३२९. मालिका २-१. ॲडलेडच्या त्या शनिवारनंतर बरोबर एक महिना झाला होता.

सामना संपल्यावर रहाणेनं नेथन लायनला त्याच्या शंभराव्या कसोटीबद्दल भारतीय खेळाडूंच्या सह्या असलेला शर्ट दिला. करंडक हाती आला तो त्यानं नटराजनकडे सोपवला. माटुंग्याला घरी ढोल-ताशांत स्वागत झालं, तेव्हा कांगारूचं चित्र असलेला केक पुढे आला. तो कापायला त्यानं नकार दिला. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी, प्रतिस्पर्ध्याचा मान राखला पाहिजे, हे त्याचं कारण.

फेब्रुवारीत चेन्नईला कोहली परत आला आणि रहाणे पुन्हा उपकर्णधार झाला. त्यात अन्याय नव्हता. वेगवान गोलंदाजांचा तो संघ कोहलीनंच वर्षानुवर्षं उभा केला होता. पण मेलबर्ननंतर रहाणेच्या धावा आटल्या आणि पुढच्या वर्षी त्याची संघातली जागा गेली, तेव्हा त्या महिन्याची आठवण फार लवकर बाजूला पडली, याची मला खंत आहे. फोल्सचंही तेच झालं. वेंट्झ बरा झाल्यावर तो बाकावर गेला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात. भारताचं नेतृत्व रहाणेनं सहा कसोट्यांत केलं. चार जिंकल्या, दोन अनिर्णित, हरला एकही नाही.

तो मुंबईकडून खेळत राहिला. जून २०२३ मध्ये ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी त्याला परत बोलावलं. तिथं पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ८९ धावा त्याच्याच. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईनं वानखेडेवर विदर्भाला हरवून ४२ व्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या हंगामातल्या उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध मुंबई अडचणीत असताना शार्दूलनं शतक केलं होतं, अंतिम सामन्यात ७५. ऑगस्ट २०२५ मध्ये रहाणेनं मुंबईचं कर्णधारपद स्वतःहून सोडलं. नवा माणूस तयार करायची हीच वेळ आहे असं त्यानं जाहीर केलं. नव्या हंगामासाठी मुंबईचा कर्णधार म्हणून शार्दूल ठाकूरची निवड झाली, आणि त्याच्या संघात रहाणे फलंदाज म्हणून खेळायला उतरला.